मध्ये उभे केलेले मूल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की मुंबईतल्या चर्चमध्ये मुलांच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात आणि एक वाक्य हमखास कानी पडते : 'विश्वास असावा तर लहान मुलांसारखा.' वाक्य प्रभू येशूच्याच शिकवणीतून आले आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा जो अर्थ मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आणि मंडळीबाहेरही रुळला आहे, तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र. रुळलेला अर्थ असा : सांगितले ते मुकाट मानावे, प्रश्न विचारू नयेत, डोके फार चालवू नये. ख्रिस्ती नसलेले कितीतरी वाचकही बालसुलभ श्रद्धा म्हणजे भाबडेपणा असेच धरून चालतात. रविवारी सकाळी चार-पाच वर्षांच्या वीस मुलांबरोबर सतरंजीवर बसणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही. लहान मूल मुकाट कधी मानते?

मूळ प्रसंग आधी नीट पाहावा. कफर्णहूमच्या घरात पोचल्यावर येशूने शिष्यांना विचारले, वाटेत वाद कशावरून चालला होता? शिष्य गप्प. आपल्यात मोठा कोण, यावरून ते भांडत होते (बायबलमधले मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र, अध्याय ९). तेव्हा त्याने एका मुलाला घेऊन त्यांच्या मध्ये उभे केले आणि मग कवेत घेतले. म्हणजे तिथे प्रश्न समजुतीचा नव्हता, मानाचा होता. त्या काळच्या मुलाजवळ ना मालमत्ता, ना अधिकार, ना चारचौघांत वजन. दाखवायला काहीही जवळ नसलेला माणूस म्हणून ते मूल मोठ्यांच्या वर्तुळात उभे राहिले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात 'तुमचे परिवर्तन होऊन तुम्ही बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात तुमचा प्रवेश होणार नाही' असे शब्द आहेत आणि लागूनच पुढच्या वचनात खुलासाही आहे : जो आपणाला या बालकासारखे नम्र करतो तोच स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा. नम्र म्हटले आहे. भोळा म्हटलेले नाही.

दुसरा प्रसंग मार्काच्या दहाव्या अध्यायातला. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशू शिष्यांवर रागावतो. हाच प्रसंग सांगताना लूकने मूळ ग्रीकमध्ये तान्ह्या बाळासाठीचा शब्द वापरला आहे. तान्हे बाळ कसली मते बाळगणार? ते फक्त घेते. दोन्ही शुभवर्तमानांत या मुलांचा शेजार कोणाचा आहे तेही पाहण्यासारखे आहे. मार्कमध्ये मुलांच्या लगेच पाठोपाठ तो श्रीमंत माणूस येतो. सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू, असे तो विचारतो, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्याचे सांगतो आणि हातातले सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून जातो. लूकमध्ये मुलांच्या आधी मंदिरात उभा राहून आपले उपास आणि दशांश (उत्पन्नाचा दिलेला दहावा भाग) देवाला मोजून दाखवणारा परुशी, म्हणजे धर्मनियम कडकपणे पाळणारा यहूदी, आहे आणि त्याच्यामागे ऊर बडवणारा जकातदार. भरलेल्या हातांच्या माणसांमध्ये लेखकांनी ही रिकाम्या हातांची मुले बसवली आहेत. एकेक वचन सुटे करून कॅलेंडरवर छापण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हा शेजार नजरेतून सुटतो.

प्रेषित पौलाने तर करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात स्पष्टच बजावले आहे : दुष्टपणाच्या बाबतीत बालके व्हा, पण समजुतीने प्रौढ व्हा. तेव्हा बुद्धी दाराबाहेर ठेवून आत या, असे ख्रिस्ती विश्वास कधीच सांगत नाही. देवाजवळ लहान होऊन जाणे मराठी माणसाला परकेही नाही. विठ्ठलाला माऊली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तालाही माऊलीच म्हटले. आईपाशी गेलेले मूल पात्रता सिद्ध करायला जात नाही, भूक लागली म्हणून जाते.

राहिला प्रश्न विचारण्याचा मुद्दा. वल्हांडण या यहूदी सणाची आज्ञा देतानाच बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात म्हटले आहे की मुले विचारतील, या विधीचा अर्थ काय? म्हणजे मुलाचा प्रश्न विधीतच गृहीत धरला आहे. आपल्या मुंबईतल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी, घरांत आजही वल्हांडणाच्या रात्री 'ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का' हे विचारण्याचा मान सर्वांत धाकट्याचा असतो. स्वतः येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. प्रश्न विचारणारे मूल अविश्वासू असते हे आपण कुठून शिकलो?

आता चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात काय होते ते. वीस-पंचवीस मुले, तीन वर्षांपासून दहापर्यंतच्या वयाची, चर्चच्या मागच्या खोलीत किंवा जिन्याखालच्या पॅसेजमध्ये, हाताशी पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटे गाण्यात जातात, दहा हजेरीत आणि चपला लावण्यात. उरलेल्या वीस मिनिटांत शिक्षिकेला गोष्ट सांगायची असते, सुवर्णवचन (त्या दिवशीचे बायबलमधले वचन) पाठ करून घ्यायचे असते, चित्र रंगवून घ्यायचे असते. घाईत गोष्टीचे तात्पर्य आधी येते आणि गोष्ट नंतर. दोन-तीन महिन्यांत मुलांना कळते की या खोलीत कोणत्याही प्रश्नाला 'येशू' म्हटले की बाई खूश होतात. मग उंबराच्या झाडावर कोण चढले होते, यालाही तेच उत्तर येते आणि जक्कय राहून जातो. हा मुलांचा दोष नाही. एकच उत्तर असलेले प्रश्न विचारले की मुले गोष्ट ऐकायचे सोडून बाईंचा चेहरा वाचू लागतात.

उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पडायला वर्ष लागते. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट आठ-दहा मिनिटांची असावी, आवाज नेहमीचा असावा, नाटकी नको. सांगणाऱ्याने जमिनीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नये. ज्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही असा एकच प्रश्न विचारावा आणि मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत. इथेच बहुतेकांचे चुकते. चौथ्या-पाचव्या सेकंदाला मोठ्यांना शांतता सहन होत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. धाकटा मुलगा आपली वाटणी उडवून परत येतो आणि बाप आनंदाने मेजवानी देतो. थोरला भाऊ रुसून अंगणात उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आहे आणि लूक तिथेच थांबतो. थोरला शेवटी आत गेला की नाही? शास्त्रात लिहिलेले नाही. वर्षानुवर्षे ही गोष्ट ऐकणाऱ्या मोठ्यांना हे सांगितले तर ते पुस्तक उघडून खात्री करून घेतात. मुलांच्या मात्र ते आधी लक्षात येते, कारण त्यांना थोरल्या भावाची काळजी वाटते. 'त्याचं जेवण ठेवलं का?' असे एखादे मूल विचारते. त्या एका प्रश्नात बापाचे सगळे मन आहे.

रोममध्ये १९५४ पासून सोफिया कव्हालेत्ती या शास्त्राभ्यासक आणि जियाना गॉबी या माँटेसरी शिक्षिका यांनी याच धर्तीवर काम उभे केले. उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यासाठी, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेसाठी, लहान लाकडी मेंढरे, एक कुंपण आणि मेंढपाळाची बाहुली मुलांच्या हाती द्यायची आणि हवे तितक्या वेळा ती हाताळू द्यायची. तीन ते सहा वयाच्या मुलांचा आनंद कशात असतो हे त्यांनी टिपून ठेवले. मेंढपाळ आपल्याला नावाने ओळखतो, या एका गोष्टीकडे मुले पुन्हा पुन्हा वळतात. लाकडी मेंढरांना पैसे नसतील तर जाड पुठ्ठ्याची करावीत. मात्र ती उभी राहायला हवीत. पाय पातळ कापले की कलंडतात आणि मग सगळे लक्ष उचलून ठेवण्यात जाते. खालचा भाग दोन बोटे रुंद ठेवून दुमडला की प्रश्न मिटतो.

सर्वांत चांगला धडा किराणा दुकानात मिळतो. मोहरीच्या दाण्याचा दाखला सांगायचा तर चित्र दाखवू नये. बारीक काळी मोहरी आणावी आणि प्रत्येक मुलाच्या तळहातावर एक, फक्त एक दाणा ठेवावा. जेमतेम दीड मिलिमीटर. मूल श्वास रोखून बघते. पंख्याचा वारा लागला की दाणा घरंगळतो, म्हणून पंखा आधी बंद करावा. तरीही चार-पाच दाणे सतरंजीत हरवतात आणि मुले पालथी पडून शोधू लागतात. शोधू द्यावेत. 'दुसरा घे' म्हणू नये. एवढ्याशा वस्तूसाठी इतके लक्ष देणे मोठ्यांना जमत नाही आणि देवाचे राज्य या दाण्यासारखे आहे असे सांगणाऱ्याला आपल्याकडून तेच हवे होते.

मग वाटीत ओला कापूस अंथरून त्यावर दाणे पेरावेत. मोहरीची डाळ किंवा भाजलेली मोहरी चालत नाही, दाणा अख्खा हवा. मुंबईच्या हवेत दोन ते चार दिवसांत मोड येतो. मे महिन्यात कापूस दुपारपर्यंत वाळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. जुलैत उलटे होते. कापूस ओथंबलेला राहिला की दाणे कुजतात आणि पांढरी बुरशी धरते, म्हणून वाटी किंचित तिरकी ठेवून जास्तीचे पाणी काढून टाकावे. पुढच्या रविवारी बोटभर उंचीची हिरवी रोपे दिसतात आणि तिथेच बहुतेक वर्ग हा विषय संपवतात. ही चूक आहे. कापसात अन्न नसते, त्यामुळे आठ-दहा दिवसांत रोपे माना टाकतात आणि मुलांच्या मनात राहते ते हेच की देवाचे राज्य उगवले आणि मेले. आठवडा झाला की रोपे मुळासकट उचलून माती भरलेल्या डब्यात लावावीत, डब्याच्या बुडाला तीन भोके पाडून. खिडकीत ऊन असेल तर महिन्या-दीड महिन्यात पिवळी फुले येतात. गालील सरोवराकाठची काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते. ग्रिलमधल्या डब्यात तेवढी वाढत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. त्यांना खरे सांगितलेले चालते, फुगवून सांगितलेले नंतर टोचते.

एक-दोन मुले तिसऱ्या दिवशी दाणा उकरून बघतातच. त्यांना रागावू नये. मार्काच्या चौथ्या अध्यायात बी पेरणारा माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी कसे रुजते ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. न उकरता झोपी जाणे, हा या दाखल्यातला विश्वास आहे. मुलाला तो एका आठवड्यात समजतो. मंडळीच्या कमिटीला दर महिन्याला उकरून पाहण्याचा मोह आवरत नाही.

सुवर्णवचनांबद्दल थोडे कडक लिहावे लागेल. पाठांतर वाईट नाही. म्हातारपणी, आजारपणात, अंधारात हीच वचने आठवतात. पण बक्षीस लावून केलेल्या पाठांतरात मुलाचे लक्ष बक्षिसाकडे जाते, शिवाय ज्याची आई घरी घोकून घेऊ शकत नाही ते मूल दर वर्षी मागे राहते. शुभवर्तमानाच्या वर्गात मोठा कोण आणि लहान कोण ही चढाओढ लावणे म्हणजे कफर्णहूमच्या वाटेवरचे भांडण पुन्हा सुरू करणे आहे. दुसरी अडचण भाषेची. मुंबईतली आपली बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमात जातात, देवनागरी अडखळत वाचतात आणि वचन रोमन लिपीत लिहून घेऊन पाठ करतात. 'खचीत', 'ह्यास्तव', 'पाचारण' हे शब्द त्यांच्या घरात कोणी बोलत नाही. 'मी तुम्हांला खचीत सांगतो' हे शंभर वेळा म्हणणाऱ्या मुलाला 'खचीत' म्हणजे काय विचारावे. ते गोंधळते. 'अगदी खरं सांगतो' असे सांगितले की चेहरा उजळतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली आणि १९२२ साली निधन होण्याआधी ते काम पुरे केले. कमी शिकलेल्या बाईलाही समजावे, ही त्यांची तळमळ होती. वर्गात नवे वचन देण्याआधी ते घरच्या मराठीत एकदा सांगावे, पाच मिनिटेही लागत नाहीत.

महापूर आणि नोहाच्या तारवाची गोष्ट सर्रास जून महिन्यात ठेवली जाते, पावसाळा आहे म्हणून. रंगीत तारू, हसणारा जिराफ, वर इंद्रधनुष्य. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या शहरात आपण हे शिकवतो आहोत. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनीही कुर्ल्याला, शीवला, घरात शिरलेले पाणी पाहिले आहे. गाद्या माळ्यावर चढवल्या आहेत. ती मुले विचारतात, तारवाबाहेरच्या लोकांचे काय झाले? त्यांच्यात लहान मुले होती का? यावर 'ते वाईट होते' असे उत्तर देऊन पुढे जाणाऱ्या शिक्षकाने मुलाच्या मनात एक गाठ मारून ठेवलेली असते : आमच्या घरात पाणी आले म्हणजे आम्हीही वाईट. सात वर्षांखालील मुलांना ही गोष्ट न सांगणे बरे. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला नेतो तीही नाही. मोठ्या मुलांना सांगावी तेव्हा त्यांचा प्रश्न मान्य करून सांगावी, आणि पृथ्वीवर माणसांचा दुष्टपणा वाढलेला पाहून देवाच्या मनाला दुःख झाले, हे उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातले शब्दही सोबत वाचावेत.

आणि मृत्यू. इथे मोठ्यांकडून सर्वांत जास्त इजा होते, तीही प्रेमापोटी. आजी वारली की आपण मुलाला सांगतो, 'देवाघरी गेली.' सात वर्षांपर्यंतचे मूल शब्दाला शब्द धरून ऐकते. चर्चलाही आपण देवाचे घरच म्हणतो. मग मूल रविवारी आजीला शोधते, नाहीतर आत यायलाच तयार होत नाही, कारण तिथे गेलेली आजी परत आली नाही. 'प्रभूमध्ये झोपी गेली' हे शिवडीच्या दफनभूमीतल्या दगडांवर शोभते, पण ते ऐकून मूल रात्री डोळे मिटायला घाबरते. 'देवाला ती आवडली म्हणून त्याने तिला नेले' हे तर सांगूच नये. मुलाचा हिशेब सरळ असतो : देवाला जे आवडते ते तो मारतो, आता माझी पाळी. आणि सर्वांत घातक वाक्य म्हणजे 'आपली प्रार्थना कमी पडली.' लहान मुले वाईट घडले की मनातल्या मनात स्वतःला जबाबदार धरतात. त्यांच्यावर हे ओझे टाकणे अन्याय आहे.

सांगायचे ते साध्या शब्दांत आणि खरे सांगावे. 'आजी वारली. तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत घरी येणार नाही. प्रभू तिला सांभाळतो आणि एक दिवस आपण तिला भेटू, असा आपला विश्वास आहे. मलाही खूप रडू येतं.' मग आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, हे योहानाच्या अकराव्या अध्यायातले वचन वाचावे. मूल तोच प्रश्न पंधरा दिवस विचारत राहते आणि दर वेळी तेच उत्तर तितक्याच शांतपणे द्यावे लागते. शब्द बदलले की मुलाला वाटते, काहीतरी लपवले जाते आहे.

अशा वेळी मुले देवाशी भांडतात. 'तू का बरं केलं नाहीस?' असे प्रार्थनेत मोठ्याने विचारतात आणि शेजारी बसलेले मोठे दचकतात. दचकू नये. 'हे परमेश्वरा, कोठवर?' असे म्हणणारी स्तोत्रे आपल्याच शास्त्रात आहेत. तेराव्या स्तोत्रात हा प्रश्न चार वेळा येतो. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यापाशी कोणी रडून भांडत नाही. मोठ्यांची प्रार्थना मात्र अशा काळात फार शिष्ट होते. सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वव्यापी अशी विशेषणे रांगेने येतात आणि मनातले दुःख बाहेरच राहते. मुलाची प्रार्थना चार ओळींची असते : पंख्यासाठी आभार, वॉचमन काकांचा पाय बरा कर, बाबांची लोकल चुकू नये, आमेन. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही विनंती त्याच जातीची आहे, आजच्या भाकरीची. ज्यांना मोठ्याने प्रार्थना करण्याची भीती वाटते त्यांनी महिनाभर मुलांच्या वर्गात मागे बसावे.

ज्या कॅथलिक घरांत प्रथम कम्युनियनची, म्हणजे मुलाने पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीची, तयारी चालू असते त्यांच्यासाठी एक आठवण. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्राने कम्युनियनचे वय सातव्या वर्षाच्या आसपास खाली आणले. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, कधी त्याहूनही अधिक वर्षांचे होईपर्यंत थांबवून ठेवत. त्या आज्ञापत्रात परिपूर्ण ज्ञानाची अट नाही. ही भाकर नेहमीच्या भाकरीहून वेगळी आहे हे मुलाला ओळखता आले पाहिजे, अशी अपेक्षा आहे. आज पांढरा झगा, बूट, हॉल आणि फोटोग्राफर यांच्या गडबडीत नेमके तेवढेच शिकवायचे राहते. तयारीत साधी, अर्पण न केलेली होस्ट (या विधीतली पातळ भाकर) मुलांना आधी चाखायला द्यावी. ती गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची, बिनखमिराची असते, कोरड्या तोंडात टाळूला चिकटते आणि मूल घाबरून बोट घालते. जिभेने ओली होऊ दिली की सुटते. 'हिला चवच नाही' असे मूल म्हणाले तर हसू नये. चवीवरून जे कळत नाही ते शब्दावर विसंबून घ्यायचे, हे त्याला सांगण्याची तीच वेळ असते.

एक गोष्ट पालकांना आणि पाळकसाहेबांनाही स्पष्ट सांगायला हवी. मूल विश्वास ठेवते, म्हणून समोरचा विश्वासाला पात्र ठरत नाही. 'बालकांसारखे व्हा' हे वचन मोठ्यांना गप्प बसवायला वापरणारे पुढारी असतात आणि मुलांच्या भरवशाचा गैरफायदा घेणारेही कोणत्याही संस्थेत शिरू शकतात. म्हणून वर्गात नेहमी दोन मोठी माणसे असावीत, दार उघडे किंवा काचेचे असावे, कोणाही मुलाला एकट्याने थांबवून घेऊ नये, घरी न्यायला कोण येणार ते नाव वहीत लिहिलेले असावे. मुलाने काही सांगितले तर ते आधी खरे धरून ऐकावे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, मंडळीत आपापसात मिटवणे हा पर्यायच नाही. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल इतक्या खाली लावावा. लहानातल्या एकालाही अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे ते बरे, हे शब्द मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, मुलाला मध्ये उभे केल्यानंतर चारच वचनांनी येतात. आपण नाताळला पहिला भाग वाचतो आणि हा गाळतो.

मोठ्यांनी मुलांकडून कसे शिकावे याचा नमुना हवा असेल तर एली याजकाकडे पाहावे. त्याच्या हाताखाली मंदिरात सेवा करणाऱ्या लहानग्या शमुवेलाला रात्री देवाची तीनदा हाक ऐकू आली आणि तिन्ही वेळा तो धावत एलीकडे गेला. हाक कोणाची ते मुलाला कळले नव्हते आणि एलीला हाक ऐकूच आली नव्हती. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात आले आणि त्याने मुलाला उत्तर कसे द्यायचे ते शिकवले : 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' सकाळी त्याने शमुवेलाला बोलावले आणि काहीही न लपवता सगळे सांग, असे बजावले. निरोप एलीच्या स्वतःच्या घराण्याविरुद्ध होता. त्याने तो एका पोराच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतला आणि मुलावर चिडला नाही. मुलाला मोठ्याची गरज होती आणि मोठ्याला मुलाची. रविवारच्या वर्गाकडे आपण असे पाहतो का? बहुतेक ठिकाणी तो मोठ्यांची उपासना शांतपणे पार पडावी म्हणून केलेली सोय असतो. दुसरे गीत झाले की मुलांना मागच्या दाराने बाहेर नेतात.

तेव्हा सर्व मंडळ्यांना विनंती आहे. महिन्यातल्या एका रविवारी तरी मुलांना शेवटपर्यंत उपासनेत राहू द्यावे. पहिले दोन बाक त्यांच्यासाठी सोडावेत, कारण मागे बसलेल्या मुलाला मोठ्यांच्या पाठी आणि पंख्यांची पाती यांखेरीज काही दिसत नाही. उपदेश बारा मिनिटांत आटोपावा. आवाज होईल, बाटली पडेल, एखादे तान्हे रडेल. त्याच्या आईकडे वळून पाहू नये. उपदेशानंतर मुलांमधून एक प्रश्न घ्यावा, आधी कागदावर न लिहून घेतलेला, आणि पाळकसाहेबांनी वेदीवरून खाली उतरून, मुलाजवळ बसून त्याचे उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर 'मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगतो' असे सर्वांसमोर म्हणावे आणि पुढच्या रविवारी त्या मुलाला नावाने हाक मारून सांगावे.

आपले,
रविवारच्या वर्गांचे काही शिक्षक
भायखळा, दादर आणि माहीम, मुंबई